नाशिकहून उल्कावर्षाव आणि ध्रुवीय प्रकाश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षात एकच रात्र जागायची असेल तर कोणती?

१३ डिसेंबरची. म्हणजे १३ तारखेला जेवण उरकून निघायचं आणि १४ च्या पहाटेपर्यंत थांबायचं. दर वर्षी कितीतरी जण १४ तारखेला संध्याकाळी गच्चीवर चढतात आणि "काहीच दिसलं नाही" म्हणून नऊ वाजता खाली येतात. रात्रीला दोन तारखा असतात, त्या दोन्ही वाचा.

हा मिथुन राशीतला उल्कावर्षाव. नाशिकसाठी याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. पाऊस जाऊन दोन महिने झालेले असतात, हवा कोरडी असते, रात्र मोठी असते. शिवाय उगमबिंदू, म्हणजे ज्या ठिकाणाहून उल्का फाकताना दिसतात ती जागा, पुनर्वसूच्या जोडीतल्या उत्तरेकडच्या कॅस्टर या ताऱ्याजवळ आहे. तो नाशिकच्या डोक्यावरून जेमतेम १३ अंश उत्तरेकडून जातो. मध्य आणि उत्तर युरोपातल्या गावांना तो इतका वर मिळत नाही. या उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात, म्हणजे उल्कांच्या हिशेबात सावकाश. "ती बघ" म्हणेपर्यंत शेजारच्यालाही दिसते.

बाकीच्या बहुतेक वर्षावांचा कचरा धूमकेतूंचा असतो. हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहामागे पसरलेल्या कणांचा आहे. फेथॉन १९८३ मध्ये सापडला.

किती वाजता बघायचं?

रात्री दहाला उगमबिंदू ईशान्येकडे साधारण ३० अंशांवर आलेला असतो, तेव्हापासून बसायला हरकत नाही. खरी वेळ साडेबारा ते साडेचार. तो सर्वांत वर येतो अडीचच्या सुमारास.

इंग्रजी लेखांत "दोन वाजता" असं लिहिलेलं असतं, आणि इथे अडीच का, हा प्रश्न नेहमी येतो. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि नाशिक आहे ७३.८ अंशांवर. त्यामुळे आकाशातली प्रत्येक गोष्ट आपल्याकडे घड्याळाच्या मानाने सुमारे ३५ मिनिटं उशिरा घडते. परदेशी वेळापत्रकात "स्थानिक वेळ" म्हणून दिलेल्या प्रत्येक आकड्यात ही पस्तीस मिनिटं मिळवा.

दहाच्या आधी, उगमबिंदू क्षितिजाला लागून असताना, क्वचित एखादी लांबलचक उल्का अर्धं आकाश कापत सावकाश जाते. ती वातावरणाला घासत आडवी आलेली असते. तासाला एखाद-दुसरीच मिळेल, पण रात्रीतली सर्वांत देखणी उल्का बहुधा हीच असते.

ऑगस्टातल्या उल्कावर्षावाची एवढी चर्चा असते, तो का नको?

१२-१३ ऑगस्टचा ययाती तारकासमूहातला वर्षाव सुंदरच आहे. पण चर्चा होते ती उत्तरेकडच्या देशांत, कारण तिथे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते. आपल्याकडे श्रावण असतो. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात त्या रात्री आकाश मोकळं मिळणं म्हणजे नशीब. पूर्वेकडे, चांदवड-येवला बाजूला पाऊस कमी, तिथे ढगांत फटी पडण्याची शक्यता जरा बरी. उगमबिंदू रात्री दहाच्या सुमारास ईशान्येला उगवतो आणि पहाटे पावणेपाचला ४८ अंशांपर्यंत चढतो. त्या रात्री सहज जाग आली आणि चांदण्या दिसल्या तर बाहेर या. त्यासाठी गाडी काढून पन्नास किलोमीटर जाऊ नका.

मग वर्षभरात आणखी काय आहे?

३-४ जानेवारीचा भूतप तारकासमूहाच्या भागातला वर्षाव जोरदार असतो, पण त्याचा भर काही तासच टिकतो. ते तास आपल्या दिवसात आले तर हाती काही लागत नाही. उगमबिंदू रात्री दीडच्या सुमारास उगवतो, साडेपाचला ४० अंशांवर असतो. भर आपल्या पहाटे येणार असेल, त्याच वर्षी उठा.

२२-२३ एप्रिलला स्वरमंडळ तारकासमूहाचा, अभिजित ताऱ्याजवळून. माफक असतो. साडेचारला सर्वांत वर येतो.

५-६ मेचा कुंभ राशीतला वर्षाव इकडे फारसं कोणी बघत नाही, याचं वाईट वाटतं. हा हॅलेच्या धूमकेतूचा कचरा. उगमबिंदू जवळजवळ आकाशातल्या विषुववृत्तावर असल्याने उत्तर युरोपाला तो धड मिळत नाही, आपल्याला मिळतो. वेळ मात्र नेमकी पाळावी लागते: सव्वातीन ते पावणेपाच. त्याआधी तो फार खाली असतो, नंतर फटफटतं. उल्का वेगवान, सेकंदाला ६६ किलोमीटर, आणि मागे धुरकट रेघ सोडणाऱ्या. मे महिन्यात नाशिकला पहाटे गच्चीवर झोपणं तसंही सुखाचं असतं.

२१-२२ ऑक्टोबरचा मृगाचा वर्षावही हॅलेचाच. पहाटे पाचला उगमबिंदू अगदी डोक्यावर येतो. १७-१८ नोव्हेंबरचा सिंहेचा वर्षाव एरवी तासाला दहा-पंधरा उल्कांचा, पण १८३३ आणि १९६६ मध्ये याच वर्षावाने तासाला हजारो उल्का पाडल्या होत्या. टेम्पल-टटल हा त्याचा धूमकेतू ३३ वर्षांनी फेरी मारतो.

तिथीप्रमाणे तारीख बदलत नाही का?

नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना दर वर्षी त्याच जागी कणांच्या पट्ट्यातून जाते. संक्रांत जशी जानेवारीच्या १४-१५ ला येते, तसंच हे. तिथी बघायची ती चंद्रासाठी.

शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. रोज साधारण पन्नास मिनिटांचा फरक पडतो. दिनदर्शिकेत संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, तिथून पन्नास-पन्नास मिनिटं पुढे मोजत गेलं की त्या पंधरवड्यातल्या कुठल्याही रात्रीचा अंदाज येतो. वद्य दशमी ते शुद्ध सप्तमी हा काळ पहाटेच्या वर्षावांना चांगला.

डिसेंबर २०२६ यासाठी उत्तम आहे. १३ तारखेला चतुर्थी-पंचमीची कोर दहाच्या सुमारास मावळेल आणि पुढची सगळी रात्र अंधारी मिळेल. त्याच काळात गुरू सिंह राशीत मघेजवळ असेल. नाशिकचा सिंहस्थ ज्यावरून ठरतो ती हीच गुरूची जागा, साडेदहा-अकरानंतर पूर्वेला बघून ठेवा. डिसेंबर २०२७ मध्ये मात्र १३ तारखेलाच पौर्णिमा आहे. तेव्हा घराची भिंत किंवा झाड आड घेऊन चंद्राकडे पाठ करायची आणि ठळक उल्कांवर समाधान मानायचं.

बातमीत "तासाला १४० उल्का" असतं. आम्हाला बाराच का दिसतात?

कारण तो आकडा आदर्श परिस्थितीचा आहे: उगमबिंदू बरोबर डोक्यावर, आणि आकाश इतकं काळं की ६.५ प्रतीचा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसावा. तारा जितका अंधुक, तितका प्रतीचा आकडा मोठा. उल्कांमध्ये अंधूक उल्काच फार जास्त असतात, त्यामुळे आकाश थोडं उजळलं तरी संख्या धाडकन कोसळते. मिथुन वर्षावासाठी एका प्रतीचा फरक म्हणजे साधारण अडीच पटींहून जास्त घट.

हिशेब करून बघा. ताशी १४० धरले आणि उगमबिंदू वर आलेला असला, तर ४ प्रतीपर्यंतचे तारे दिसणाऱ्या शहरातल्या गच्चीवरून तासाला बारा-तेरा उल्का मिळतात. ५ प्रतीच्या आकाशाखाली बत्तीस. ६ प्रतीच्या आकाशाखाली सुमारे पंच्याऐंशी. तोच वर्षाव, तीच वेळ. बाराचे पंच्याऐंशी होतात ते फक्त तासभर गाडी चालवल्याने.

आपलं आकाश किती प्रतीचं आहे हे कसं ओळखायचं?

कृत्तिका मोजा. डिसेंबरात रात्री दहाला त्या जवळजवळ डोक्यावर असतात. पंधरा मिनिटं अंधारात काढून मग मोजायच्या. नुसता धुरकट ठिपका दिसला तर आकाश फार उजळ. चार सुट्या दिसल्या तर साधारण ४ प्रत. सहा स्पष्ट दिसल्या तर ४.३ च्या पुढे. सातवी म्हणजे ५.१, आठवी म्हणजे ५.४. आठ मोजता आल्या तर जागा सोडू नका.

मध्यरात्रीनंतर सप्तर्षी वर आले की दुसरी खूण मिळते. वसिष्ठाशेजारची अरुंधती ४ प्रतीची आहे. सप्तर्षीतला सर्वांत मंद, खाटल्याच्या कोपऱ्यातला अत्री ३.३ चा. अत्रीच दिसत नसेल तर तिथून उल्का मोजण्यात अर्थ नाही.

नाशिकमधून कुठे जायचं?

नियम एकच: शहर पाठीशी आलं पाहिजे. गंगापूर धरण आणि गिरणारे भाग जवळचा, पण तिथून नाशिक पूर्वेला राहतं आणि पूर्वेकडचं आकाश पिवळट दिसतं. मिथुन वर्षाव संध्याकाळी पूर्वेकडूनच चढतो. तिथे जायचं तर बारानंतरच जा, तेव्हा उगमबिंदू त्या उजेडाच्या वर आलेला असतो.

उत्तरेकडे दिंडोरी ओलांडून वणीच्या पुढे गेलं की शहर दक्षिणेला पडतं. ईशान्य आणि माथा दोन्ही मोकळे. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत आकाश आणखी काळं. बागलाणात साल्हेरच्या पायथ्याशी तर आकाशगंगेचा हिवाळी, फिकट भागसुद्धा दिसतो. दक्षिणेला कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव आणि भंडारदरा परिसर चांगला, फक्त सुट्टीच्या दिवशी धरणाकाठच्या तंबूंचे दिवे आणि स्पीकर टाळून आत सरका. सिन्नरच्या बाजूला औद्योगिक वसाहतीचा उजेड लांबवर पोचतो.

किल्ला चढण्याची काही गरज नाही. उंचीने उल्का वाढत नाहीत, अंधारात कड्याचा धोका मात्र वाढतो, आणि बऱ्याच ठिकाणी वनविभाग रात्री थांबू देत नाही. पायथ्याचा उघडा माळ पुरतो. माळच निवडा, खोलगट जागा नको. गार हवा जड असते, ती उतारावरून खाली सरकून नदीकाठी आणि बांधाच्या आत साचते. गोदावरी, दारणा, कादवा यांच्या काठी, भिजवलेल्या द्राक्षबागांत, चारच्या सुमारास धुकं धरतं आणि नेमकी चांगली वेळ हातची जाते. निफाडकडे थंडीही सगळ्यांत कडक.

शेतात बसायचं तर मालकाला आदल्या दिवशी भेटून विचारा. रात्री अनोळखी गाडी बांधावर दिसली की गाव जागं होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

बिबट्याचं काय?

हा प्रश्न विचारायलाच हवा. उसाच्या फडाला लागून, ओढ्याच्या काठाला किंवा एकाकी झाडोऱ्यात आडवं पडू नका. चार-पाच जण तरी असा, गाडी दहा पावलांवर ठेवा, लहान मुलं मध्ये घ्या. कोणीही एकट्याने लघुशंकेला लांब जायचं नाही. कुत्री अचानक एका दिशेला भुंकू लागली तर पांढरा टॉर्च लावून गाडीत बसा. डोळ्यांची सवय मोडली तरी चालेल. सतरंजी पसरण्याआधी जागेवर टॉर्च फिरवून दगडांच्या सापटी बघा, पायांत बूट असू द्या.

बरोबर काय न्यायचं?

दुर्बीण घरी ठेवा. दुर्बिणीतून आकाशाचा बोटाएवढा तुकडा दिसतो, उल्का कुठेही पडते.

बाज मिळाली तर तिच्यासारखं साधन नाही. जमिनीपासून वर, दवापासून लांब, मान दुखत नाही. नसेल तर खाली ताडपत्री, तिच्यावर जाड सतरंजी, मग गोधडी. अंगावर घ्यायला दोन ब्लँकेट असतील तर त्यातलं एक अंगाखाली घाला. आडवं पडल्यावर थंडी पाठीतून शिरते. कानटोपी, हातमोजे, सुती पायमोज्यांवर लोकरीचे पायमोजे. डिसेंबरात इथे पहाटे ८ ते १० अंशांपर्यंत पारा उतरतो आणि न हलता पडून राहिल्यावर तो त्याहून कमी वाटतो.

टॉर्चला लाल जिलेटिन कागदाच्या तीन घड्या रबर बँडने बांधा. एक घडी पुरत नाही, मधून पांढरा उजेड झिरपतो. मोबाइलची चमक अगदी खाली आणा, किंवा सरळ गाडीत ठेवा. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजने ती मोडते, मग पुन्हा वीस मिनिटं. गाडीचं दार उघडल्यावर आतला दिवा लागतो, तो आधीच बंद करून ठेवा. सगळ्यांची रात्र या एका दिव्याने बिघडते.

नेमकं बघायचं कुठे? उगमबिंदूकडे?

त्याच्याकडे रोखून बघितलं तर उल्का आखूड दिसतात, कारण त्या तुमच्याकडेच येत असतात. उगमबिंदूपासून ४० ते ५० अंश बाजूला, क्षितिजापासून अर्ध्याहून वर नजर ठेवा. हात लांब केला की मूठ म्हणजे १० अंश, वीत म्हणजे साधारण २०. दोन-अडीच विती मोजल्या की झालं.

रेघ मागे वाढवून मिथुन राशीकडे जाते का ते बघा. जात नसेल तर ती भटकी उल्का. कोणत्याही अंधाऱ्या रात्री तासाला पाच-दहा भटक्या उल्का दिसतातच.

सलग तास तरी द्या. उल्का एकसारख्या अंतराने पडत नाहीत. दहा मिनिटं शांतता, मग दोन मिनिटांत चार.

मोजणी कशी करतात?

एकेकट्याने. पाच जणांनी मिळून आरडाओरडा करत मोजलेला आकडा उपयोगाचा नसतो. वहीत सुरुवात आणि शेवट यांची वेळ, आकाशाची प्रत, ढगांनी झाकलेला भाग, या वर्षावाच्या किती आणि भटक्या किती, एवढं लिहायचं. डोळे खाली न आणता लिहिता येत नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत राहा आणि प्रत्येक उल्केला "मिथुन, दोन प्रत" एवढंच बोला. अशा नोंदी आंतरराष्ट्रीय उल्का संघटना स्वीकारते आणि जगभरचा आलेख त्यांतूनच तयार होतो. भारताच्या रेखांशावरच्या नोंदी मोलाच्या आहेत, कारण आपल्याकडे रात्र असते तेव्हा अमेरिकेत दिवस असतो.

फोटो काढायचा आहे. सेटिंग काय ठेवू?

१४ ते २४ मिमीची रुंद लेन्स, अ‍ॅपर्चर २.८ किंवा त्याहून मोठं, आयएसओ १६०० ते ३२००, एक्स्पोजर २० सेकंद, दोन फोटोंमध्ये एक सेकंद. रॉ फाइल. तीन तासांत सुमारे ५१० फोटो होतात. एक फाइल २५ एमबी धरली तर तेरा जीबीची जागा लागते. यांतल्या दहा-बारा फोटोंत उल्का मिळाली तर रात्र उत्तम गेली म्हणायची.

फोकस हाताने करा. लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून व्याधावर रिंग फिरवत तारा अगदी टाचणीएवढा करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. लेन्सवरच्या अनंत खुणेवर भरवसा ठेवला की पाचशे फोटो धूसर येतात. "लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन" बंद करा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ स्वतःशी काम करत बसतो आणि तेवढ्यात उल्का निघून जाते. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशनही बंद.

आता दव. दोन वाजल्यानंतरचे फोटो हळूहळू दुधाळ होत गेले तर बिघाड कॅमेऱ्यात नसतो. उघड्या आकाशाखाली काच आपली उष्णता फेकत राहते, हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर बाष्प धरतं. जुन्या पायमोज्याचा वरचा ताणणारा भाग कापून लेन्सवर चढवा आणि आत रासायनिक हँड वॉर्मरची पुडी सरकवा. काच जेमतेम कोमट राहिली तरी पुरे. दव धरल्यावर रुमालाने पुसू नका, ओरखडे जातात आणि दहा मिनिटांत पुन्हा धरतं.

मोबाइलचा प्रो मोडही चालतो: आयएसओ ३२००, २० ते ३० सेकंद, ट्रायपॉड, तीन सेकंदांचा टायमर. ठळक उल्का त्यात येते.

सावकाश जाणारे दिव्यांचे ठिपके दिसले, तेही उल्काच का?

उल्का क्वचितच दोन-तीन सेकंदांहून जास्त टिकते. मिनिटभर सरकणारा ठिपका म्हणजे उपग्रह. एका रेषेत माळ दिसली तर नुकतेच सोडलेले स्टारलिंक. लाल-हिरवं लुकलुकत असेल तर विमान.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पेटते गोळे ओळीने, समांतर, संथपणे जाताना दिसले आणि सगळीकडे उल्कावर्षावाची बातमी पसरली. चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलं. तो चिनी रॉकेटचा वातावरणात परतलेला टप्पा असल्याचा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. फरक लक्षात ठेवा: भंगार कक्षेतून सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत-बाहेर येतं, म्हणून संथ, उल्का ११ किलोमीटरच्या खाली येऊच शकत नाही.

डोंगरापलीकडे उल्का पडली, तिथे जाऊन दगड शोधू का?

ती डोंगरापलीकडे पडलेली नसते. उल्का ८० ते १२० किलोमीटर उंचीवर जळते. नाशिकहून उत्तरेला, क्षितिजापासून एक वीत वर दिसलेली उल्का नर्मदेच्या खोऱ्यावर जळालेली असते. वर्षावातले बहुतेक कण वाळूएवढे असतात, खाली काही उरत नाही.

आपल्याकडे "सापडलेल्या उल्का" बहुतेक वेळा दोनच गोष्टी निघतात: भट्टीतून निघालेली धातूची मळी (स्लॅग), नाहीतर आपलाच काळा पाषाण. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे चुंबक त्याला थोडा ओढला जातो आणि माणूस फसतो. दगडात बुडबुड्यांसारखी भोकं असतील, किंवा पोकळीत पांढरे स्फटिक असतील, तर तो इथलाच. खऱ्या अशनीवर, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेल्या उल्केवर, अंड्याच्या कवचासारखा पातळ काळा थर असतो, आत फिकट रंग आणि धातूचे चमकणारे कण, आणि आकाराच्या मानाने तो जड लागतो. असा काही मिळाला तर न कापता, न धुता, स्वच्छ पिशवीत ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.

ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा) नाशिकहून दिसतो का?

आपल्या आयुष्यात दिसेल असं धरून चालू नका. पण "कधीच नाही" हेही खरं नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या प्रचंड सौर वादळात मुंबईहून तो दिसल्याची नोंद तिथल्या वर्तमानपत्रात आहे. मुंबईला दिसला तर नाशिकच्या अंधारात दिसायला काहीच अडचण नव्हती. त्याआधी, सप्टेंबर १८५९ च्या वादळाची चुंबकीय नोंद कुलाब्याच्या वेधशाळेने केली होती आणि आजही जगभरचे अभ्यासक ती वापरतात. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून ते मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. ते आजही चालू आहे.

अडचण भूमितीची आहे. लाल प्रकाश फार उंच असतो, वर ४०० किलोमीटरपर्यंत. तरी नाशिकच्या उत्तर क्षितिजाला तो नुसता टेकायचा तरी त्याने ताश्कंदच्या अक्षांशापर्यंत खाली यायला हवं. शिवाय पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव उत्तर अमेरिकेच्या बाजूला कललेला असल्याने आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या आणखी जवळ पडतो. त्याच अक्षांशावरच्या मेक्सिकोला आपल्यापेक्षा जास्त संधी मिळते.

मग लडाखमधले लाल आकाशाचे फोटो खोटे का?

खरे आहेत. १०-११ मे २०२४ च्या रात्री भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर लाल प्रकाश टिपला. हानले ३२.८ अंशांवर, साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. पण लांब एक्स्पोजरमध्ये जे भडक लाल दिसतं, ते डोळ्यांना फिकट राखाडी-तांबूस भासतं. त्यासाठी हानलेची सहल आखू नका. हानलेला आकाशगंगा बघायला जा. "आज रात्री महाराष्ट्रातून दिसणार" असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका.

हिरवा का, लाल का?

सूर्याकडून आलेले कण वरच्या हवेतल्या ऑक्सिजनला धडकतात. १०० ते १५० किलोमीटरवर हिरवा, २०० च्या वर लाल. लाल रंग उत्सर्जित करायला अणूला मिनिटभराहून जास्त मोकळीक लागते आणि ती फक्त विरळ हवेत मिळते. खाली तोवर दुसरा अणू येऊन आदळतो. नायट्रोजन कडांना जांभळी-गुलाबी छटा देतो.

खरोखर बघायचा असेल तर कुठे, कधी?

सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर. उन्हाळ्यात ध्रुवाजवळच्या देशांत अंधारच पडत नाही, आणि स्वस्त पॅकेजं बऱ्याचदा तेव्हाचीच असतात, हे बुकिंगआधी बघा. नॉर्वेचं ट्रोम्सो, स्वीडनचं अबिस्को, फिनलंडचं रोव्हानिएमी, आइसलँड: चारही देश एकाच शेंगेन व्हिसात येतात. ट्रोम्सो समुद्रकाठी, तुलनेने उबदार पण ढगाळ. अबिस्को डोंगरांच्या पर्जन्यछायेत, म्हणून आकाश जास्त मोकळं. कॅनडाचं यलोनाइफ कडाक्याचं थंड आणि स्वच्छ.

एका जागी चार-पाच रात्री ठेवा. दोन रात्रींची सहल म्हणजे ढगांशी जुगार. बघायचा वेळ तिथला रात्री नऊ ते एक. केपी, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा आकडा, ० ते ९ असतो. ट्रोम्सो प्रकाशाच्या पट्ट्याखालीच असल्याने तिथे २ सुद्धा पुरतो. आकड्यापेक्षा ढग बघा. त्या घटकेचा अंदाज हवा असेल तर बीझेड, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण दिशेचा आकडा, बघा: तो बराच वेळ उणे, -५ किंवा त्याखाली राहिला की बाहेर पडा. हे मोजमाप पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या यानांकडून येतं, म्हणून सूचना मिळते ती अर्ध्या-एका तासाचीच. आपलं आदित्य एल-१ जानेवारी २०२४ पासून त्याच भागात आहे.

कॅमेरा: आयएसओ १६०० ते ३२००, अ‍ॅपर्चर २.८, प्रकाश हलत असेल तर ३ ते ५ सेकंद, स्थिर असेल तर १० ते १५. जादा बॅटऱ्या अंगातल्या खिशात ठेवा, उणे २० मध्ये बॅटरी फार लवकर बसते. खोलीत परतण्याआधी, बाहेर असतानाच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि दोन तास उघडू नका. उबदार खोलीतली वाफ गार काचेच्या आतल्या बाजूला धरली तर ती पुसता येत नाही. मेमरी कार्ड मात्र पिशवीत घालण्याआधीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायला थांबावं लागत नाही.